एका गोट्यानं काय होते?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग मालवणची सहल झाली आणि सहलीवरून घरात एक छोटंसं महाभारत झालं. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले दोन आठवडे माझ्यावर जे बाण सुटताहेत, त्यांना मोबाईलवर एका बोटाने टाईप करून उत्तर देणं मला जमत नाही. म्हणून म्हटलं, सगळं एकदाच इथे लिहून टाकावं. ज्यांना वाचायचं ते वाचतील. ज्यांना राग आला आहे त्यांनी तर जरूर वाचावं.

आधी काय झालं ते सांगते, म्हणजे ब्लॉगवरच्या मित्रमैत्रिणींनाही संदर्भ लागेल.

फेब्रुवारीत लेक-जावयांनी आग्रह केला, "आई, तुम्ही चलाच." ते पुण्याहून येणार, मी वर्ध्याहून. रात्रभर रेल्वेने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे गाडीने मालवण. आम्हा वर्धेकरांना समुद्राचं अप्रूप किती असतं ते मुंबई-पुणेकरांना कळणार नाही. आमच्या घरापासून मुंबईच साडेसातशे किलोमीटर! आमचा समुद्र म्हणजे पवनारला धाम नदीला येणारा पूर. त्यामुळे पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर मालवणच्या धक्क्यावर उभं राहून समोर पाण्यात बसलेला सिंधुदुर्ग पाहिला, तेव्हा मला भरून आलं. १६६४ साली महाराजांनी ज्याचं काम सुरू केलं तो किल्ला मी चाळीस वर्षं फळ्यावर खडूने काढला होता. मुलांना "चहूबाजूंनी पाणी" असं सांगताना हाताने गोल करून दाखवायचे. पाण्याचा रंग मात्र त्या खडूत नव्हता. तारकर्लीला तर उभ्या उभ्या आपली पावलं दिसतात इतकं नितळ पाणी. देवबागला एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माडांमधली घरं. तिथे मी तासभर नुसती बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉल्फिन बघायला नेलं. पाठीचा एक काळसर कणा पाण्याबाहेर आला आणि लगेच पाच-सहा बोटी त्याच्या दिशेने इंजिनं गर्जवत सुटल्या. कणा गायब. मग दुसरीकडे दिसला, की सगळ्या बोटी तिकडे. मला आमच्या गल्लीतली पोरं मांजरीच्या मागे लागतात त्याची आठवण झाली. पण मी गप्प बसले. नवीन ठिकाणी म्हातारीने पहिल्याच दिवशी तोंड उघडू नये, एवढं शहाणपण मला आहे.

त्यानंतर किल्ल्याजवळच्या खडकांपाशी स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडाला नळी आणि डोळ्यांना काच लावून पाण्याखाली बघणं. मी बोटीतच बसले. जावई आणि नातू (वय वर्षे नऊ) उतरले. बोटीवरच्या मुलाने पावाचे तुकडे करून पाण्यात टाकले आणि शेकडो पट्टेरी मासे गोळा झाले. एकजण पाण्याखाली कॅमेरा घेऊन तयारच होता. नातवाला म्हणाला, "इथे खडकावर पाय टेकव, फोटो छान येईल." नातवाने टेकवला. वर आला तेव्हा त्याच्या मुठीत काहीतरी होतं. पेढ्याएवढा तुकडा, तपकिरी-हिरवट, त्यावर बारीक बारीक घरं. "आजी, बघ, मला दगडाचं फूल सापडलं!"

मी कौतुक केलं. हो, मी सुद्धा केलं. हे लपवणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीत वास सुटला. कुजलेल्या मासळीचा असावा तसा. शोधता शोधता नातवाची पिशवी सापडली. तपकिरी रंग उतरून तुकडा पांढरा पडत चालला होता आणि वरून बुळबुळीत झाला होता. दगड कधी सडतो का हो? मी चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण हा प्रश्न मला त्या वासाने विचारला. पोवळं. जिवंत पोवळं होतं ते. त्या बारीक घरांमधून हजारो छोटे जीव होते आणि आम्ही त्यांना दोन रात्री प्लास्टिकच्या पिशवीत घालून मारलं होतं.

मग मी बोलले. नातवाला नाही. जावयांना आणि लेकीला. जरा जास्तच बोलले असेन. लेक म्हणाली, "आई, आपण सहलीला आलोय की शाळेत?" जावई काही बोलले नाहीत, पण कुडाळपर्यंत गाडीत कोणीच बोललं नाही. घरी आल्यावर माझ्या धाकट्या भावाने ग्रुपवर लिहिलं, "एका गोट्यानं काय होते व ताई?" आणि त्याला चौदा जणांनी अंगठे दिले.

तर मंडळी, एका गोट्याने काय होतं ते आता सांगते.

पहिली गोष्ट. आपण जिथे गेलो होतो ते नुसतं पर्यटनस्थळ नाही. ते अभयारण्य आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातला गाभा, जो सगळ्यात जपायचा, तो जेमतेम ३ चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग किल्ला आणि त्याच्या भोवतीचे खडक याच गाभ्यात येतात. म्हणजे आपण पाव टाकला, पाय टेकवला आणि तुकडा खुडला, तो अभयारण्याच्या देवघरात. तीन दिवसांत हा "अभयारण्य" शब्द मला एकाही माणसाच्या तोंडून ऐकू आला नाही. बोटीवर नाही, हॉटेलात नाही. मी घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं. १९९७ साली सिंधुदुर्ग "पर्यटन जिल्हा" झाला हे मात्र ज्याला त्याला पाठ! दहा वर्षं आधीची गोष्ट विसरायची आणि नंतरची लक्षात ठेवायची, ही सोयीची स्मरणशक्ती.

आता आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. बोर. १९७० पासून अभयारण्य, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. देशातल्या लहानात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, तरी गाभा १३८ चौरस किलोमीटरचा. हे जावई आणि हाच नातू गेल्या वर्षी माझ्याबरोबर बोरला आले होते. गेटवर नावं लिहिली, ओळखपत्रं दाखवली. गाइड बरोबर घेतला. गाडीतून उतरायचं नाही म्हटलं, नाही उतरलो. मोठ्याने बोलायचं नाही म्हटलं, तर नातूसुद्धा कुजबुजत होता. वाघ दिसला नाही, तरी कोणी म्हटलं नाही की "पैसे भरलेत, एक बकरी बांधा म्हणजे वाघ येईल." कल्पना करा, त्या गाइडने म्हटलं असतं, "बाळ, त्या पिल्लाच्या पाठीवर पाय ठेव, फोटो छान येईल," तर जावयांनी काय केलं असतं?

तीच माणसं. फक्त झाडांऐवजी पाणी आलं आणि आपले सगळे संस्कार बुडाले! जंगलाला गेट असतं म्हणून आपण शहाण्यासारखे वागतो. समुद्राला गेट नाही, म्हणून तो कुणाचाच नाही असं आपण धरून चालतो.

आणि हे ऐका. आपल्या देशाच्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. २००१ पासून त्याच पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सगळी पोवळी आहेत. वाघनख गळ्यात घालून कोणी लग्नात मिरवला तर आज आपल्याकडे लोक म्हणतात, "अरे, काढ ते, आत जाशील." पण पोवळ्याचा तुकडा मात्र टीव्हीशेजारी शोभेला! कायद्याच्या लेखी नातवाच्या पिशवीत वाघनख होतं, मंडळी.

आता ग्रुपवरचे मुद्दे एकेक करून घेते.

"तो मेलेला दगड होता." नव्हता. मेलेल्याला असा वास सुटत नाही, मरत असलेल्याला सुटतो. आणि समजा मेलेला असता, तरी मेलेल्या पोवळ्याच्या सांगाड्यावरच नवी पोवळी बसतात, त्याच्या कपारीत माशांची पिल्लं लपतात. पडकं घर म्हणून आपण विटा घेऊन जायच्या का?

"एकाने उचललं तर काय फरक पडतो?" हा गणिताचा प्रश्न आहे, म्हणून गणितानेच उत्तर देते. आकडे माझे, नुसते हिशेबापुरते. समजा रोज शंभरच माणसं त्या खडकांवर उतरतात आणि त्यातली दहाच तुकडा घेतात. पावसाळा सोडून वर्षात २४० दिवस धरा. २,४०० तुकडे झाले. आता दुसरी बाजू. गोलसर दगडासारखी दिसणारी पोवळी वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. पेढ्याएवढा तुकडा व्हायला चार-पाच वर्षं. म्हणजे नातू बालवाडीत जात होता तेव्हापासून ते जीव चुन्याचे कण रचत होते आणि नातवाने ते एका सेकंदात मोडलं. खर्च सेकंदाचा, जमा वर्षांची. असा हिशेब किराणा दुकानदाराने ठेवला तर दुकान किती दिवस चालेल?

वर समुद्र तापतो आहे तो वेगळाच. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की पोवळ्याच्या शरीरात राहणारी, त्याला अन्न आणि रंग देणारी सूक्ष्म शेवाळं त्याला सोडून जातात आणि पोवळं पांढरंफटक पडतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभर हे मोठ्या प्रमाणावर होण्याची ही चौथी वेळ आहे. आधीच तापाने फणफणलेल्या माणसाच्या छातीवर आपण फोटोसाठी उभे राहतो आहोत.

"पैसे भरलेत आम्ही." पैसे बोटीचे भरलेत, नळीचे आणि फोटोचे भरलेत. समुद्राचे नाही भरलेत. देवळात दक्षिणा टाकली म्हणून कोणी देवाच्या अंगावरचा दागिना काढून घेत नाही.

"माशांना पाव घातला, पुण्याचंच काम की!" हे माझ्या वहिनीचं. वहिनी, भुकेल्याला घातलं तर पुण्य. ते मासे भुकेले नव्हते. खडकावरचं शेवाळ खाऊन तो स्वच्छ ठेवणं हे तिथल्या कितीतरी माशांचं रोजचं काम असतं. त्यांना फुकटच्या पावाची चटक लावली की काम कोण करणार? शेवाळ माजतं आणि पोवळ्याचा श्वास कोंडतो. तुमच्या अंगणातल्या गायीला कोणी रोज शिळी पुरी घातली आणि तिचं पोट फुगलं, तेव्हा तुम्ही काठी घेऊन धावला होतात. आठवतं?

आता भावाचा खास मुद्दा. त्याने लिहिलं, "ताई, आपण गांधीजींच्या जिल्ह्यातले. गांधीजींनी दांडीला समुद्रावरून चिमूटभर मीठ उचललंच ना? मग पोरानं गोटा उचलला तर एवढं काय?" याला तर बावीस अंगठे!

बाबा रे, मुद्दा फार छान आहे, म्हणूनच त्याचं उत्तर नीट देते. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी मीठ उचललं ते सगळ्या जगाला सांगून, उजेडात. पिशवीत लपवून नाही. कायदा गरिबाच्या तोंडचं मीठ महाग करत होता, म्हणून तो मोडला आणि त्याची शिक्षा भोगली. त्याच वर्षी मे महिन्यात मालवणच्या दक्षिणेला शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तिथेही माणसांनी मार खाल्ला आणि तुरुंग भोगला. आणि विसरू नकोस, स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परत येणार नाही असं म्हणून गांधीजी त्या यात्रेला निघाले, म्हणून तर पुढे ते आपल्या वर्ध्याला आले आणि १९३६ साली सेवाग्रामला राहिले. त्या चिमटीशी आपलं नातं आहे ते असं. मीठ उन्हाने पुन्हा तयार होतं, उद्याच्या भरतीला पुन्हा येतं. पोवळं येत नाही. आणि ज्या माणसाने गरजेपेक्षा जास्त घेणं ही चोरी मानली, त्याचं नाव टीव्हीशेजारच्या शोभेच्या तुकड्यासाठी वापरू नकोस. मोठी बहीण म्हणून सांगते.

शेवटचा मुद्दा जावयांचा. तो खरा वजनदार आहे, म्हणून शेवटी ठेवला. ते म्हणाले, "आई, तिथल्या लोकांचं पोट यावर चालतं. नियम लावले तर त्यांनी खायचं काय?"

मी त्या बोटीवरच्या मुलाला विचारलं होतं, पाव का टाकतोस रे? तो म्हणाला, "आजी, ब्रेड टाकूक नाय तर लोक इचारतत, मासे खंय? आनि पैसे परत मागतत." बघा. त्याला हौस नाही. तो आपल्यासाठी टाकतो. गुन्हेगार शोधायचा तर बोटीच्या टोकाला नाही, बाकावर बसलेल्यांमध्ये शोधा. मी पण त्यातच बसले होते.

तिथल्या मच्छीमारांनी १९८७ पासून या अभयारण्याला विरोध केला, हेही मी वाचलं. त्यांची भीती मला समजते. पिढ्यान् पिढ्या रापण ओढून पोट भरणारी माणसं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. जो दोर ओढतो त्याला त्यातला वाटा मिळतो. अशा लोकांना विश्वासात न घेता वरून रेघ ओढली तर ते चिडणारच. जंगलातल्या गावांच्या बाबतीत आपण विदर्भात हे पाहिलेलं आहे. पण गंमत बघा, ज्याचं घर तिथे आहे तो नियमांच्या भीतीने चाळीस वर्षं अस्वस्थ, आणि जो तीन दिवसांसाठी येतो त्याला नियम आहेत याचा पत्ताच नाही! मच्छीमार १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला लावतात, समुद्राला विसावा देतात. त्यांना पोट नाही का? मग आपल्याला फोटोतला पाय खडकावरून उचलणं इतकं जड का जावं?

आणि पोट व जपणूक दोन्ही जमतं, याची उदाहरणं कोकणातच आहेत. त्याच सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या बचत गटाने कांदळवनाची सफर सुरू केली आहे. खाडीतली झाडं आणि पक्षी त्या स्वतः दाखवतात. वर रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन समुद्री कासवांची घरटी राखली. लोक आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला जातात, गावातल्या घरांमध्ये राहतात, तिथेच जेवतात. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, पिल्लाला हात लावायचा नाही. आणि लोक ऐकतात! कारण सांगणारं गावच असतं. मालवणच्या बोटवाल्यानेही "खडकावर पाय नाही, पाव नाही, काही उचलायचं नाही" म्हणावं आणि आपण त्याला त्याबद्दल चार पैसे जास्त द्यावेत. नांगर पोवळ्यावर टाकण्याऐवजी बोट बांधायला कायमचे तरंगते बोये हवेत. एका वेळी किती माणसं उतरणार याचा आकडा हवा. यात कोणाचं पोट मारलं जातं?

असो. दुसऱ्यांना बोलून झालं. आता माझं.

१९८८ च्या डिसेंबरात मी शाळेची सहल घेऊन याच मालवणला गेले होते. एस.टी.ची लाल गाडी, चाळीस मुलं आणि चिवड्याचे डबे. अभयारण्य होऊन दीडच वर्ष झालं होतं आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. मी मुलांना म्हटलं, "जे जे वेगळं दिसेल ते गोळा करा, आपण शाळेत संग्रहालय करू." मुलांनी केलं. शंख, शिंपले आणि पोवळ्याचे पाच मोठे तुकडे. वर्ध्याला आणून काचेच्या कपाटात कापसावर मांडले, माझ्या अक्षरात चिठ्ठ्या लावल्या. पुढे दरवर्षी नव्या वर्गाला कौतुकाने दाखवले. किती मुलांना मी शिकवलं की सुंदर दिसलं की उचलून आणायचं! नातवाने मूठ उघडली तेव्हा माझ्या तोंडून कौतुक निघालं ते काही उगाच नाही. तो माझाच धडा होता, तिसऱ्या पिढीपर्यंत पोचलेला.

म्हणून लेकीला सांगते. बाई, तुझ्यावर मी ओरडले ते चुकलं. ओरडायचं होतं ते त्या कपाटावर.

परवा शाळेत फोन केला. कपाट अजून आहे. चिठ्ठ्या पिवळ्या झाल्या आहेत म्हणे. मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं, त्यांनी माझं ऐकून घेतलं. सोमवारी मी त्यांच्याबरोबर ते पाच तुकडे आणि नातवाचा सहावा घेऊन वनखात्याच्या कार्यालयात जाणार आहे. कुठून आणले, कोणी आणायला लावले, सगळं लिहून अर्ज तयार केला आहे. खाली सही माझी. भाऊ म्हणतो, "ताई, या वयात नसती झंझट कशाला?" अरे, याच वयात. अजून किती थांबू?

नातवाला कालच फोनवर हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजी, मग ते जीव परत जिवंत होतील का?" मी म्हटलं, नाही बाळा. तो म्हणाला, "मग मी पुढच्या वेळी फक्त बघीन." चौदा आणि बावीस अंगठेवाल्यांनो, ऐकलंत?

ज्यांना माझं पटलं नाही त्यांनी खाली प्रतिक्रियेत सविस्तर लिहावं. नुसता अंगठा चालणार नाही. आणि मे महिन्यात मालवणला जाणारे आपल्यातले तीन कुटुंबीय आहेत, मला नावं माहीत आहेत! जरूर जा, डोळे भरून बघा. येताना पिशव्या मात्र रिकाम्या आणा.